मुठा खोऱ्यातल्या सरकलेल्या खुंट्या

पिरंगुटला बसमधून उतरले तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. त्या गर्दीत तोंडाला ओढणी लावून मी एका संशोधन संस्थेच्या जीपची वाट पाहत होते. ‘वनस्पतीसमूह आणि पर्यावरणबदल’ अशा भारदस्त प्रकल्पावर संशोधन सहायक हवा होता आणि मुलाखत थेट डोंगरावर होती. कॉलेजात तासांवर शिकवून मी कंटाळले होते. दर जूनला ‘यंदा बोलावतील ना?’ असा घोर लागायचा. ही नोकरी मला मनापासून हवी होती.

मुठा खोऱ्यात शिरलो. भात पिवळा पडला होता आणि खाचरांच्या मध्येमध्ये पुणेकरांची शनिवार-रविवारची घरं उगवली होती. संस्थेचं केंद्रही अशाच एका भाड्याच्या बंगल्यात. रानटी गवताचा अभ्यास करणाऱ्या या मंडळींनी दारातल्या हिरवळीला पाणी घालायला खास माळी ठेवला होता! प्रकल्पप्रमुख सर खिसेच खिसे असलेलं जाकीट घालून आले. एवढ्या खिशांत एक पेन नव्हतं. माझं घेतलं, ते काही परत मिळालं नाही.

मग पडद्यावर आलेख झळकला. डोंगरावरचं उंच गवत आणि रानफुलं वर्षागणिक कमी होत गेलेली, त्यांच्या जागी टाकळा आणि रानमोडीचं तण माजलेलं. “हवामानबदल आपल्या डोळ्यांदेखत घडतोय,” सर म्हणाले. वाईट बातमी इतक्या खुशीत सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आम्हा उमेदवारांना वरकसात (भाताला न येणारी, उताराची जमीन) नेलं. लोखंडी खुंट्यांनी आखलेला चौकोन शोधायचा आणि आतल्या वनस्पती नोंदवायच्या, ही परीक्षा. शेवाळलेल्या कातळावरून घसरून मी कोपर सोलवटून घेतलं, पण खुंट्या मलाच आधी दिसल्या. गंमत अशी, की मोबाइलच्या नकाशावर पहिल्या वर्षी नोंदवलेला चौकोन बांधाच्या पलीकडे दिसत होता.

“मोबाइल चुकतो,” सर म्हणाले. “दरवर्षी जरा जास्तच चुकतो.”

आणि हे ऐकून त्यांच्या चमूतल्या शहाण्यांनी माना डोलावल्या.

बांधापलीकडे कमरेएवढं गवत उभं होतं आणि एक बाई ते कापत होत्या. त्यांचं नाव हौसाबाई. ते रान त्यांचं, अलीकडचं त्यांच्या दिराचं. दिराची गुरं बारमाही मोकाट चरत, हौसाबाई मात्र गवत राखून वर्षातून एकदाच कापत. जेवणाची सुट्टी झाली होती. बंगल्यातून आलेलं गारढोण सँडविच टाकून मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे केली.

“मावशी, या खुंट्या पहिल्यापासून तिकडेच आहेत?”

“न्हाई. माज्या रानात ठोकल्या व्हत्या. मीच सरकवल्या.”

“का हो?”

“खुंट्या आल्या की मोजणी आली, आन मोजणी झाली की रान गेलं. मालक वारल्यापासनं दीर माजं रान इकाया बगतोय. म्हनलं, मोज आता तुजं तूच.”

“कधी सरकवल्या?”

“दर साली उलीउली. एकदम हलवल्या तर त्याला कळंल की! आमच्याकडं बांध बी असाच सरकवत्यात.”

मला हसू आवरेना. सरांच्या आलेखातला तो सुबक उतार हौसाबाईंनी काढला होता! त्या खुंट्या जमीन विकायच्या मोजणीच्या नाहीत, आम्ही फक्त गवताची मोजदाद करतो, असं मी त्यांना समजावलं.

“गवताची? ते काय पळून चाललंय?” त्यांनी विचारलं.

मी सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला.

“यावर शोधनिबंध छापून झालेत, मॅडम. तुमची निवड झालीच समजा. फक्त हे कुठे बोलायचं नाही.”

“आणि खुंट्या?”

“त्या मूळ जागी नेल्या, तर बदल कुठे उरतो?”

या माणसाला आपण मघापासून ‘सर’ म्हणतोय, याची मला शिसारी आली. तरी ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं, इतकी ती नोकरी हवी होती. “जमणार नाही,” असं मी पुटपुटले आणि एकटीच उतार उतरायला लागले.

परतीच्या बसमध्ये अभिमान वगैरे काही वाटला नाही. कोपर ठणकत होतं आणि पुढच्या जूनची धास्ती वाटत होती. भूगावच्या कोंडीत बस अडकली तेव्हा सरांचा फोन आला. वाटलं, माणूस वरमला असेल.

“तुमच्या मुद्द्यावर विचार केला,” ते म्हणाले. “खुंट्या आता सिमेंटमध्ये पक्क्या बसवून टाकतो. पुन्हा कोणी हलवायला नको.”

“कुठे बसवणार?”

“कुठे म्हणजे? आहेत तिथेच.”

मी फोन कापला. मला नोकरी नव्हती, आणि हौसाबाईंच्या रानात दरवर्षी कमरेएवढं गवत अजून वाढतं, याची नोंद करायला त्या डोंगरावर आता कोणीच जाणार नव्हतं.