पाठीवरची तीन बोटं

तेंग ग्वान हा नावाड्याचा मुलगा. राजधानीच्या पूर्वेकडच्या पाणवेशीपाशी, नावा जिथून शहरात शिरतात तिथे, त्याचं सगळं आयुष्य गेलं. हात वल्ह्यासारखे रुंद, आवाज घोगरा, आणि स्वभाव असा, की बाजारात कुणी पायावर पाय दिला तर हाच माफी मागणार. असल्या पंजांचा माणूस केसासारखी बारीक सुई इतकी हलकी टोचायचा, की रोगी विचारायचे, "टोचलीस का रे?" आणि तोवर ती काढूनही झालेली असायची.

ही करामत त्याने सुया टोचून रोग बरे करणाऱ्या लोउ गुरुजींच्या घरी बारा वर्षं राबून कमावली होती. सतराव्या वर्षी तिथे आला, ओठांना कोंबड्याचं रक्त लावून शपथ घेतली: गुरूची विद्या बाहेर सांगणार नाही, गुरूच्या नावाला बट्टा लावणार नाही. मग पाणी भरलं, औषधी पाला वाळवून कुटला, कापसाच्या उशीवर वर्षभर सुया टोचल्या, आणि अंगावरच्या सुई टोचायच्या साडेतीनशेहून जास्त जागा तालावर म्हणत पाठ केल्या. वाचता त्याला फारसं येत नव्हतं. जे होतं ते कानांनी घेतलेलं. गुरुजी एक ओळ म्हणायचे, ग्वान ती दहा वेळा म्हणायचा. चुकला की गुरुमाय स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अरे, एव्हाना मलासुद्धा पाठ झालं!"

लोउंच्या घराचा खरा नावलौकिक होता तो खोकल्याच्या इलाजासाठी. शरद ऋतू लागला की अर्धं शहर खोकत त्यांच्या दारात. त्या सुया पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. त्या मात्र गुरुजी पडद्याआड, रोग्यापाशी एकटे असताना टोचायचे. "बायाबापड्या उघड्या पाठीने बसतात," ते म्हणायचे, "तू बाहेर थांब." माप त्यांनी तोंडी दिलं होतं: मणक्यापासून रोग्याच्याच हाताची तीन बोटं.

तीन वर्षांनी ग्वानने स्वतःचे रोगी बघायला सुरुवात केली, तेव्हा त्यानेही तसंच टोचलं. पुलापलीकडच्या श्वे काकू धूप वळायच्या. चंदनाच्या भुकटीने त्यांची छाती सदान्‌कदा वाजायची. नऊ वर्षं दर शरदात ग्वानने त्यांच्या पाठीवर सुया टोचल्या, आणि नऊ वर्षं काकू खोकत राहिल्या. गुरुजींचे रोगी मात्र खडखडीत बरे व्हायचे. ग्वानच्या मनात कधी दुसरा विचार आलाच नाही. त्याला वाटायचं, माप तेच, मग फरक हाताचा. गुरुजींचा हात तो गुरुजींचा, आपला नावाड्याचा.

एकोणतिसाव्या वर्षी तो राजवैद्यांच्या परीक्षेला बसला. त्यात पास झाला तर सरकारी यादीत नाव, दाराला पाटी, आणि नावाड्याच्या पोराला लोक 'वैद्यबुवा' म्हणणार. गुरुजींनी स्वतः त्याच्या अंगरख्याची गाठ सारखी केली. "जा. मला काळजी नाही तुझी," म्हणाले.

परीक्षेच्या दालनात मधोमध पितळी पुतळा उभा. माणसाएवढा. आतून पोकळ, पाण्याने भरलेला, अंगभर जागोजाग बारीक भोकं, आणि वरून पिवळ्या मेणाचा लेप. भोक कुठे आहे ते देवालाच दिसावं. जागा बरोबर साधली तर सुई आत जाते आणि मागोमाग पाणी येतं. चुकली तर पितळ.

परीक्षक म्हातारे होते, पापण्या जड, जणू झोपलेच आहेत. "मनगट," ते म्हणाले. ग्वानने टोचलं. पाणी. "घोटा." पाणी. "कानामागे." पाणी. असं वीस वेळा. कडेला बसलेले लोक पुढे झुकून बघू लागले.

"खोकला. पाठ."

ग्वानने पुतळ्याच्या बोटांच्या मापाची बांबूची पट्टी लावली, तीन बोटं मोजली, सुई रोवली.

टक्क.

दालनात तो एवढासा आवाज केवढा वाटला! सुई वाकली होती. त्याने दुसरी घेतली, खालच्या मणक्यापाशी. टक्क. तिसरी. टक्क. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

परीक्षकांनी डोळे उघडले. उठून जवळ आले, मेणावरच्या तीन ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "जागा दोन बोटांवर आहे, बाळा. तुला तीन कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. हात चुकला."

"हात एकदा चुकतो. तीनदा, एकाच मापाने, ही शिकवण झाली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "गुरूचं नाव सांग. मी त्यांना बोलावून विचारतो, आणि तू वसंतात पुन्हा बसशील. हातच चुकला म्हणत असशील, तर बेफिकीर माणसाला हे दार पुन्हा उघडत नाही. नीट विचार कर."

ग्वानने विचार केला. त्याला वाटलं, गुरुजींनाही कुणीतरी चुकीचंच शिकवलं असणार. बिचाऱ्यांना ठाऊकच नाही! म्हातारपणी सगळ्यांसमोर त्यांची मान खाली?

"माझा हात चुकला, महाराज," तो म्हणाला.

बाहेर पडला तो धावतच सुटला. स्वतःचं दुःख करायला त्याला सवडच नव्हती. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा जावई, लोउ घराण्याची गादी पुढे चालवणार असलेला गुबगुबीत फान, त्याच परीक्षेला बसणार होता. त्याला तरी वाचवायला हवं!

अंगणात सासरे-जावई तिळाची पोळी खात बसले होते. ग्वान धापा टाकत म्हणाला, "गुरुजी, पाठीवरचं माप चुकलंय आपलं! तीन बोटं नाहीत. फानबापूंना सांगा, उद्या..."

"दोन बोटं ना?" फान भरल्या तोंडाने हसला. "ते मला लग्नाच्या वर्षीच सांगितलंय मामंजींनी. तू कुठून तीन काढलीस, ग्वानदादा?"

दारात उभ्या असलेल्या गुरुमाय आत निघून गेल्या. फानने एकदा सासऱ्याकडे पाहिलं, एकदा ग्वानकडे, आणि त्याचं चावणं थांबलं.

गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "माझं नाव सांगितलंस तिथे?"

"नाही."

त्यांनी श्वास सोडला. "मला माहीत होतं, तू सांगणार नाहीस. म्हणून तर जाऊ दिलं."

ग्वान उभाच होता. "राखून ठेवायचं होतं तर ठेवायचं होतंत," तो म्हणाला. "सगळेच गुरू थोडं घरच्यांसाठी ठेवतात. मी सगळ्यांना सांगितलं असतं, पाठीचं मला येत नाही. तुम्ही खोटं का दिलंत?"

"येत नाही हे कळलं असतं, तर तू दुसऱ्याच्या दारात शिकायला गेला असतास," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पोट भरलंय असं वाटलं की माणूस हिंडत नाही. बस. पोळी खा."

"नको," ग्वान म्हणाला. त्या घरात त्याने बारा वर्षांत पहिल्यांदाच नको म्हटलं होतं.

तिथून तो सरळ श्वे काकूंकडे गेला. काकू धूप वळत होत्या, खोकत होत्या. त्याने सगळं सांगितलं, फक्त शिकवणाऱ्याचं नाव तेवढं गाळून.

"म्हणजे नऊ वर्षं माझ्या पाठीची चाळण केलीस ती फुकटच?" काकू कडाडल्या. "आणि मी मेली तुला दरवेळी वाफवलेले पाव खाऊ घालत होते! मुडद्या!" मग चंदनाने माखलेला हात त्याच्यापुढे धरला. "हं. घे माझी बोटं, मोज. दोन म्हणालास ना?"

त्याने दोन बोटं मोजली आणि टोचलं. पहिल्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी काकू सबंध सकाळ खोकल्याशिवाय धूप वळत बसल्या. दहाव्या दिवशी स्वतः चालत त्याच्या दाराशी आल्या, पूल चढून, एकदाही न थांबता.

"बघ!" त्या म्हणाल्या. "अरे, रडतोस काय बाईसारखा? बरी झाले ना मी?"

"नऊ वर्षांपूर्वीच झाला असतात, काकू."

काकू त्याच्या पायरीवर टेकल्या. "ज्याने तुला तीन बोटं शिकवली," त्यांनी विचारलं, "त्या मेल्याचं नाव काय?"

ग्वानने हातातली सुई पुसून डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं, आणि रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा घोगऱ्या आवाजात नाव सांगितलं.