पैलवानाचा स्वेटर आणि दोन गाठींची दोरी

डिसेंबर १९५३, दुसरा बुधवार, दुपारी दोन. जागा आमची माडी. हजर: मी, वकीलीणबाई, शेजारची वहिनी आणि तिची नणंद. गैरहजर: कंपाउंडरची बायको, मुलाला गोवर.

माझ्या जुन्या वहीतल्या त्या दिवसाच्या पानावर एवढंच लिहिलेलं आहे आणि खाली पाच कामं. पाचही कामांवर काट आहे. पाचवं तेव्हा साधं वाटलं होतं: ‘पैलवानाचं माप आणणे’.

आमच्या या बुधवारच्या बैठकीला लोक विणकाम मंडळ म्हणत. मंडळ वगैरे काही नव्हतं. चटई, चार जोड सुया आणि चहा. कोल्हापुरात थंडी ती किती, पहाटे दोन तास. तरी त्या दोन-तीन वर्षांत स्वेटरचं वेड असं पसरलं होतं की कॉलेजातली मुलं भर बारा वाजता बिनबाह्यांचे स्वेटर घालून रंकाळ्यावर घाम पुसत हिंडायची. महाद्वार रस्त्यावरच्या दुकानात मुंबईहून लोकर आली की वकीलीणबाईंना आधी कळायचं. मग आम्ही रंग बघायला जायचो. आणि एखादीच्या अंगावर नवा नमुना दिसला तर तिच्या मागे मागे चालत जाऊन टाके मोजायचो. एकदा मी अशी अंबाबाईच्या देवळात एका बाईच्या पाठीमागे तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. पुण्य पदरात पडलं ते वेगळं.

आमच्यात विणकामाचा खरा हात असलेली एकच, शेजारच्या वहिनीची नणंद. वय सव्वीस. नवरा बेळगावच्या लष्करी कचेरीत कारकून होता. तिथल्या एका शेजारणीकडून ती विणकाम शिकली. नवरा तापानं गेला आणि ती भावाकडे परत आली. भाऊ भला, वहिनी तोंडाळ पण मनानं वाईट नव्हे. तरी घर भावाचं, आणि पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंतचं काम नकळत तिच्याकडे सरकलं होतं. आम्ही सगळ्या तिला ताई म्हणायचो, माझ्याहून बारा वर्षांनी लहान असूनही.

मुलींच्या शाळेत शिवण-विणकामाची शिक्षिका हवी होती. ताईनं अर्ज केला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावून सरळ सांगितलं, “तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही. आपल्या शाळेत जानेवारीत हस्तकलेचं प्रदर्शन आहे. तिथे तुमचं काम बघते, मग ठरवते.” प्रदर्शनाचं उद्घाटन आमच्या पेठेतल्या एका नावाजलेल्या पैलवानाच्या हातून होणार होतं. त्याला पाहुणा म्हणून स्वेटर द्यायचा, तो ताईनं विणायचा, त्यानं तो घालूनच उभं राहायचं, हे मी सुचवलं. मोठ्या बाईंना पटलं. ताईला नोकरी मिळायची तर ती या स्वेटरवर मिळायची होती, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

राहिलं माप. तालमीत बायका जात नाहीत. त्यामुळे रविवारी सकाळी माझी फीत घेऊन आमच्या ह्यांना धाडलं. हे परत आले ते हात पसरूनच.

“बावन्न!” म्हणाले. “काय छाती आहे! फीत जेमतेम पुरली. दोन पोरं बाजूला थांबून बघत होती.”

“नीट मोजलीत ना?”

“दोनदा मोजली. दुसऱ्यांदा साडेबावन्न भरली.”

मी वहीत बावन्न लिहिलं, काट मारली आणि वर माझा शहाणपणा: लोकर धुतल्यावर आटते, म्हणून चार इंच वाढवायला सांगितले. रंगावरून थोडा वाद झाला. वकीलीणबाईंना बदामी हवा होता. शेवटी तालमीच्या तांबड्या मातीचा रंग घेतला, म्हणजे मळला तरी कुणाला कळू नये. ताईनं रोज रात्रीची भांडी आवरल्यावर आणि पहाटे सगळे उठायच्या आत विणून तीन आठवड्यांत पाठ, पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या पुऱ्या केल्या. टाके असे की उलटी बाजू कुठली हे शोधावं लागे.

जानेवारीतल्या पहिल्या बुधवारी पैलवानाची आई माडी चढून आली. पेठेत सगळे तिला आक्का म्हणत. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी.

“कुठं हाय माझ्या लेकाचं सोटर? बगू तरी.”

ताईनं पुढचा भाग उलगडून चटईवर पसरला. आक्का वाकून बघत राहिली. मग कमरेवर हात ठेवून हसायला लागली.

“अगं, ह्यात माझी दोन लेकरं बसतील की! आन् मधी म्हसरू बी मावंल. कुणी मापलं हे?”

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. खाली ओसरीवर आमचे हे पेपर वाचत होते. आक्कानं कठड्यावरून हाक मारली.

“ओ पावणं! तुमी मापली व्हय छाती?”

“हो. का?”

“जोर काढून झालंतं का त्याचं?”

“नुकतेच पाचशे जोर मारून उठला होता.”

“झालं! आन् तुमी फीत काढली, आन् त्यानं श्वास आत घेतला. व्हय का न्हाय?”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे... जरा ताठ उभा होता खरा.”

“जरा?” आक्का आमच्याकडे वळली. “बायांनो, फीत बघितली की पैलवान फुगतोयच. डाक्टरनं लावू दे, शिंप्यानं लावू दे. आमचा शिंपी हाय न्हवं, त्यो आदी म्हशीची चौकशी करतोय, दूध किती देती इचारतोय, आन् ह्यो उत्तर द्याय लागला की हळूच मापतोय. तुमच्या मालकांनी म्हशीचं इचारलं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लेक जेवून झोपल्यावर त्याच्या छातीखालून सुतळी घालून गाठ मारली. मग त्याला उठवून, फीत दाखवून, दुसरी गाठ मारली. ती दोरी घेऊन आली. पहिली गाठ सेहेचाळीसला, दुसरी बावन्नला. आमचा स्वेटर छप्पन्नचा. दंड मात्र झोपेतही तेवढेच भरले, त्यामुळे बाह्या वाचल्या. पाठ आणि पुढचा भाग उसवायचा होता. प्रदर्शन दहा दिवसांवर.

ताई चटईवर बसली. तिनं शेवटच्या टाक्याची गाठ शोधली आणि ओढायला सुरुवात केली. तीन आठवड्यांचं काम सरसर गुंडाळलं जात होतं. उसवलेली लोकर नागमोडी होते. ती लडी बांधून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन लावून वाळवायची. आमच्या गच्चीवर दोरीला तांबड्या लडी आणि प्रत्येकीला लटकवलेला एकेक पाणी भरलेला तांब्या, असं दृश्य शुक्रवारभर होतं. खालून जाणारे लोक थांबून बघत होते.

आता मी काय केलं ते सांगते. मी वही काढली. पाठीचा खालचा अर्धा भाग मी, वरचा वकीलीणबाई, पुढचा खालचा वहिनी, वरचा ताई. चौघींत वाटलं तर चार दिवसांत होईल. हिशेब चोख होता. मला माझा अभिमानच वाटला.

रविवारी संध्याकाळी झाले तेवढे तुकडे चटईवर ठेवले. वकीलीणबाई सैल विणतात, बोलता बोलता विणतात, त्यांचा तुकडा माझ्यापेक्षा चार बोटं रुंद. माझे टाके माझ्यासारखे, सुई आत जाईना इतके घट्ट. वहिनीचा तुकडा एका बाजूनं वर चढत गेला होता.

“पाठीला पोक आलंय,” वकीलीणबाई म्हणाल्या.

“ओढून बसवू,” मी म्हणाले. “इस्त्री फिरवली की...”

“वहिनी,” ताई मला म्हणाली. मलाही ती वहिनीच म्हणायची. “मोठ्या बाईंनी विचारलं, हे कुणी विणलं, तर मी काय सांगू?”

मी माझा तुकडा चटईवरून उचलला. दोन दिवस मी वाया घालवले होते, आणि तेही तिचंच काम तिच्या हातातून काढून घेऊन. तिला मदत विणण्यात नको होती. बाकीच्या सगळ्यात हवी होती.

मी पान उलटलं आणि नवी यादी केली. पहाटेचं पाणी: मी. मुलांचे डबे: वकीलीणबाई. दुपारची भांडी: कंपाउंडरची बायको, गोवर उतरला होता. तेवढ्यात आक्का आली, तिनं स्वतःच सांगितलं, “भाकऱ्या माझ्याकडनं. घरात रोज चाळीस होत्यात, दहा वाढल्या तर तव्याला काय कळतंय!”

शेजारची वहिनी उठून उभी राहिली. चेहरा लाल झालेला.

“म्हणजे काय? आमच्या वन्संना आम्ही मोलकरीण केलंय, असंच गावभर होणार ना? माझ्या घरचं पाणी शेजारीण भरणार?”

वहिनीनं पदर खोचला, चटईवरचा तिचा तो वाकडा तुकडा उचलला आणि उसवायला लागली.

“आणि यादीत माझं नाव कुठं आहे?” ती म्हणाली. “स्वयंपाक मी करीन. रात्रीची भांडी मी. डबे मी. वकीलीणबाईंचे डबे पोरं परत आणतील, भात कच्चा असतो.”

वकीलीणबाईंनी हे मनावर घेतलं नाही, कारण खरं होतं.

पुढचे सहा दिवस ताई आमच्या माडीवर खिडकीशी बसून विणत होती. नुसतं पुन्हा विणलं नाही तिनं. आक्काची दोरी समोर खिळ्याला टांगून ठेवली होती, तिच्याकडे बघत बघत तिनं स्वेटरच्या दोन्ही बगलांखाली वीतभर रुंदीची पट्टी घेतली: दोन टाके सुलट, दोन उलट, मनगटावर घेतात तशी, पण काखेपासून कमरेपर्यंत. पट्टी मिटलेली असली की पहिली गाठ, ताणली की दुसरी.

“असं कुठं बघितलंस?” मी विचारलं.

“कुठंच नाही. पण माणूस दोन मापांचा असेल तर स्वेटरही तसाच हवा ना?”

शनिवारी संध्याकाळी बाह्या जोडल्या.

रविवारी शाळेचा हॉल भरला होता. टेबलांवर भरतकाम, मण्यांची तोरणं, कागलच्या एका बाईंनी केलेलं गोधडीचं काम, आणि एका कोपऱ्यात चपलांवर रेशमी गोंडे लावून आणलेले जोड, ज्यांच्याभोवती कॉलेजच्या मुलींनी गर्दी केली होती. पैलवान डोक्याला फेटा आणि अंगात तांबडा स्वेटर घालून आला. स्वेटर बेताचा बसला होता. ताई भिंतीशी होती.

रिबीन कापली. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्याबरोबर पैलवान फुगला.

बाजूच्या पट्ट्या उघडल्या, एकेक रेघ वेगळी झाली, स्वेटर छातीबरोबर वर आला आणि एक टाकाही तुटला नाही. टाळ्या वाढल्या. तो आणखी फुगला. शेवटी बायकांच्या बाजूनं आक्काचा आवाज आला, “आरं सोड की आता श्वास! तोंड निळं झालं!”

त्यानं श्वास सोडला. पट्ट्या मिटल्या, स्वेटर जागच्या जागी.

हॉल हसत होता. मोठ्या बाई हसत नव्हत्या. त्या पुढे गेल्या, पैलवानाच्या बगलेखालची पट्टी दोन बोटांनी ओढून बघितली, सोडली, परत ओढली. पैलवान लाजून लाल झाला.

“हे कुणी विणलं?”

“मी,” ताई म्हणाली.

“सगळं?”

“सगळं.”

“आणि ही बाजूची कल्पना?”

“माझीच. माप आक्कांचं.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “जूनपासून या. मुलींना आधी माप घ्यायला शिकवा.”

परतताना वहिनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वन्सं, पण पाणी मात्र उद्यापासून अर्धं अर्धं हं!” ताई तेव्हा हसली. जूनपासून खरंच अर्धं अर्धं झालं. मी लक्ष ठेवून होते.

त्या आठवड्याच्या पानावर सगळ्या कामांवर काट आहे. फक्त शेवटच्या ओळीवर नाही. नवा स्वेटर लहान झाल्यामुळे लोकर उरली, म्हणून माझ्या तुकड्यावाचून कुणाचं अडलं नाही. तो घट्ट, तांबडा, वीतभर तुकडा अजून माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर निघतो, मी शेवटचा टाका शोधते, तो सापडत नाही, आणि तुकडा परत आत जातो. ओळ अशी आहे: ‘पाठीचा खालचा भाग: उसवणे.’