आम्ही डुक्कर सोडलं त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात आजवर कुणी डुकराचं मांस खाल्लेलं नाही. तरीही गेल्या जानेवारीत आम्ही ते टाळ्यांच्या कडकडाटात सोडलं.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या कॉलनीत मी मराठी मंडळाचा अध्यक्ष आहे. (दुसरं कुणी तयार होत नाही हे खरं, पण अध्यक्ष तो अध्यक्षच!) आमची लेक मुक्ता फिल्म बनवायला शिकली आणि तिनं पहिलाच माहितीपट केला तो डुकरांच्या हालांवर. हरियाणातल्या कुठल्याशा फार्मवर जाऊन शूटिंग करायची आणि घरी असा वास घेऊन यायची, की सुनंदा, म्हणजे आमची ही, तिची आंघोळीची बादली दारातच भरून ठेवायची.

"बाबा, फिल्म झालीये, पण एंड मिळत नाहीये यार," एके दिवशी मुक्ता रडवेली होऊन म्हणाली. "एकदा लोकांना दाखवायचीय. त्यांना काही वाटलं तर ठीक. नाहीतर मी हे सगळं सोडून बँकेची परीक्षा देते."

पोरगी दोन वर्षं त्या चिखलात उभी होती हो! म्हटलं, "तू फिल्म आण. गर्दी माझ्यावर सोड!"

आता रविवारी सकाळी डुकरांचे हाल बघायला कोण मरायला येतंय? म्हणून मी निमंत्रणाखाली एक ओळ हळूच टाकली : 'नंतर सुभेदार जाधवांच्या हातचं मटण आणि तांबडा रस्सा.' सुभेदार जाधव म्हणजे कॅन्टोन्मेंटमधले आमचे कोल्हापूरकर. त्यांच्या रश्श्याचं नाव काढलं की गुडगावची आयटीवाली मंडळीसुद्धा मेट्रो बदलत बदलत येतात. हॉल खचाखच भरला. मुक्ताला वाटलं, सगळे डुकरांसाठी आलेत.

फिल्म सुरू झाली. लोखंडी पिंजऱ्यात एक गाभण डुकरीण. पिंजरा इतका अरुंद, की उठायचं आणि बसायचं, बस्स. वरून मुक्ताचा शांत आवाज : "हिला वळता येत नाही." थोड्या थोड्या वेळानं तेच वाक्य. हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. आमचे सेक्रेटरी कुलकर्णी तर हमसाहमशी रडले. खरं सांगतो, मलाही भरून आलं. त्या डुकरिणीचे डोळे काही बघवेनात.

दिवे लागले आणि मी अध्यक्ष या नात्यानं उठलो. "मंडळी, आजपासून आपण पोर्क सोडू या!"

झाडून सगळ्यांचे हात वर! जन्मात जे खाल्लं नाही, ते सोडायला कुणाचं काय जातंय? टाळ्यांचा पाऊस पडला. आणि टाळ्या ऐकल्या की माझं भान सुटतं. (सुनंदाच्या मते सुटायला ते आधी असावं लागतं.) मी आवाज चढवला, "नुसतं पोर्कच का? आजपासून कुठलाच मुका जीव आपल्या ताटात नको!"

पुन्हा टाळ्या, पुन्हा हात वर! दारात उभ्या सुभेदारांनीही त्या भरात हात वर केला, तो रश्श्याच्या डावासकट.

मुक्ता धावत येऊन गळ्यात पडली. "बाबा, खरंच? सगळेच?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच क्षणी सुभेदारांच्या मागून तांबड्या रश्श्याचा वास आत आला आणि हॉलमधले हात एकेक करून खाली यायला लागले.

कुलकर्णी (घरी शुद्ध शाकाहारी, मंडळात 'जे असेल ते') डोळे पुसत पुढे झाले. "अध्यक्ष, शपथ आजपासून आहे. बोकड कालचा आहे! आणि सुभेदार, तो पिंजऱ्यात नव्हता ना? वळत होता?"

"बिल्कुल वळत होता, साहेब! मला शिंग मारायलाच वळला होता!"

"झालं तर मग!"

"काही झालं नाही!" सुनंदा कडाडली. "पोरीसमोर हात वर केलेत ना? मग शाकाहाऱ्यांसाठी केलाय तो मसालेभात खा गुपचूप! सुभेदार, ते पातेलं हॉलच्या मागे नेऊन ठेवा."

मागे म्हणजे हॉलची भिंत आणि जनरेटर यांच्यामधल्या बोळकंडीत, पार टोकाला. मी मसालेभाताचे चार घास गिळले. भात उत्तम होता, पण जीव मागे गुंतला होता. "जनरेटरमध्ये डिझेल आहे का बघून येतो," म्हणालो आणि पोट आत ओढून बोळकंडीत घुसलो.

सुभेदारांनी थाळी पुढे केली. मी उभ्या उभ्या पहिली नळी तोंडाला लावतोय, तोच मागून धक्का बसला.

"अध्यक्ष, जरा पुढे सरका."

"कुलकर्णी? तुम्ही इथे कसे?"

"डिझेल बघायला."

त्यांच्या मागे खजिनदार, खजिनदारांच्या मागे गुडगाव! अर्धं मंडळ डिझेल बघायला आलं होतं.

"अहो, मागे फिरा!" मी ओरडलो.

"फिरायला जागा कुठाय?"

पुढे पातेलं, मागे कुलकर्णी, डावीकडे भिंत आणि उजवीकडे जनरेटर. तेवढ्यात मागे, वरच्या बाजूला हॉलची खिडकी उघडली.

"बाबा?" मुक्ताचा आवाज आला. "काय करताय? इकडे बघा."

"अगं, कसं बघू?" मी नळी हातात धरून कळवळलो. "मला वळता येत नाही!"

तिच्याच फिल्ममधलं वाक्य, माझ्या तोंडून! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पोरीनं आता फिल्म सोडली, उद्यापासून बँकेची परीक्षा, आणि हे सगळं माझ्या जिभेपायी! मी तसाच पातेल्याकडे तोंड करून उभा राहिलो.

मग वरून आवाज आला.

"बाबा, परत एकदा म्हणा ना. फोकस नव्हता."

तर अशा रीतीनं मुक्ताला एंड मिळाला. बँकेची परीक्षा राहिली ती राहिलीच. फिल्म आता गावोगावी दाखवतात. सुरुवातीला डुकरीण असते आणि शेवटी मी असतो. डुकरीण दिसली की लोक कासावीस होऊन म्हणतात, "अरे, सोडा रे तिला!"

माझ्यासाठी मात्र अशी मागणी अजून एकाही प्रेक्षकानं केलेली नाही.