मास्तरांचे शंभर शब्द

आमच्या बाळीवेशीच्या बोळात कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा मला ठाऊक असतं, असं लोक म्हणतात. खोटं आहे. मी फक्त समोरच्या नागम्मावहिनींच्या मोजते.

नागम्मावहिनी म्हणजे शिवयोगी मास्तरांच्या पत्नी. मास्तर हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर टॅबवर संस्कृतचा कोश घेऊन बसायला लागले. वहिनींनी कढीपत्ता मागितला की मास्तर आधी त्याचं संस्कृत शोधायचे, तोवर फोडणी जळायची. मी म्हणायची, "वहिनी, तुमची सवत दहा इंचांची आहे."

"असू दे की. उपाशी तरी ऱ्हाते," त्या म्हणायच्या.

माघाच्या शेवटी मास्तर गेले. माती दिली, आणि टॅब देवळीत विभूतीच्या गट्टीशेजारी आला. वहिनी कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, मराठी अक्षरं जुळवून जुळवून वाचतात. कोश उघडला की शेवटी बघितलेल्या शंभर शब्दांची यादी येते. नवा शब्द वर चढला की तळातला एक कायमचा जातो. दुपारी भांडी झाली की वहिनी ती यादी तळापासून वर वाचायच्या, जप केल्यासारखी. निदाघ. आतप. शीकर. सगळ्यात वर हिक्का, म्हणजे उचकी. दवाखान्यात दोन दिवस उचकी थांबेना, तेव्हा मास्तरांनी बघितलेला. जाता जाता उचकीचं संस्कृत शोधणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

चैत्र लागला आणि एका दुपारी वहिनी माझ्या दारात. तोंड सुकलेलं.

"सोजराक्का, वर नवा शब्द आलाय. सूची म्हणून."

"तुमचं बोट लागलं असेल."

"मी हात पुसून लांबनं बघते. बोट कसं लागंल?"

"मग मास्तरच असतील. आमच्यात कावळा येतो, तुमच्यात टॅब."

त्या हसल्या नाहीत. "आमच्यात माणूस लिंगैक्य झाला की मागं फिरत न्हाय, अक्का. म्हणून तर भ्या वाटतंय. हे का फिरले?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसले. चारच्या सुमाराला, टॅबला कुणाचा हात नसताना, यादी एक ओळ खाली सरकली. वर कर्तरी. मी बसल्या जागेवरून हातभर मागे सरकले. तिसऱ्या दिवशी सूत्र. वहिनी आता चारला देवळीखाली चहाचा कप ठेवू लागल्या. त्यावर साय धरायची आणि आम्ही दोघी काचेकडे बघत बसायचो.

"निदाघ गेला, आतप गेला, आज शीकर गेला," वहिनी म्हणाल्या. "नवं देतात आन जुनं नेतात. सगळं नेऊन झालं की मग येणार न्हाईत व्हय?"

मला रात्रभर ते शब्द चावत राहिले. सुई, कात्री, दोरा. मास्तरांना जन्मात शर्टाचं बटण लावता आलं नव्हतं. सकाळी ब्लाउजचं निमित्त काढून मी विजापूर वेशीत इसूफभाईंच्या शिलाईच्या दुकानात गेले. मास्तरांचे जुने दोस्त. मशीनवर, कापडाच्या चिंध्यांत, मास्तरांचा जुना फोन. टॅब घेतला तेव्हा मास्तरांनी तो त्यांना देऊन टाकला होता. कोश दोन्हीकडे मास्तरांच्याच नावानं उघडा. इकडे बघितलेलं तिकडे उमटायचं.

"रोज चारला यायचे," इसूफभाई म्हणाले. "मी दुकानातली एक चीज दाखवायची, त्यांनी तिचं संस्कृत काढायचं. सापडलं की मास्तर खूश, नाय सापडलं की मी. ते गेले, मग रमजान लागला, चहाच नव्हता. ईद झाली, पुन्हा चारला चहा आला. हात आपोआप फोनकडे गेला, सोजरबाई."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसले तर मी कसली? सांगून टाकलं, की तुमच्या एका शब्दापायी मास्तरांचा एक शब्द पुसला जातो.

इसूफभाईंनी फोन खडूच्या खणात ठेवला आणि खण लोटला. "भाभींना सांगू नका मी होतो म्हणून."

मला वाटलं, पुण्य केलं. त्या दिवशी चारला काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पाचव्या नाही. वहिनी चहा ठेवायच्या, साय धरायची, फेकायच्या. समोरून कुकरची शिट्टी येईनाशी झाली. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "संपलं, अक्का. मीच रोज बघत बसले, म्हणून गेले."

मग मात्र मी सगळं सांगितलं. चार शिव्यांची तयारी ठेवून.

वहिनींनी कपावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाल्या, "रोज चारला?"

"रोज."

"मला सांगायचे, पाय मोकळे करायला चाललो."

त्यांनी टॅब मांडीवर घेतला. तळाला पिपासा होता. त्यावर नुसतं टेकल्यासारखं बोट धरलं, दाबलं नाही.

"वहिनी, काही बघू नका. तो जाईल."

"जाऊ दे की. हितं देवळीत बसून त्यो तरी काय करतोय?" समोरच्या कपाकडे बघत त्यांनी एकेक अक्षर दाबलं. कोशानं शब्द दिला, चषक. पिपासा गेला.

इसूफभाईंनी मला नंतर सांगितलं. खडू काढायला खण उघडला, हात लागून फोन उजळला, तर वर त्यांनी न टाकलेला शब्द, चषक. सुई बोटात गेली.

"मास्तर वाटले?"

"पहिल्यांदा वाटले. मग म्हटलं, मास्तर इतकं सोपं कशाला बघतील? भाभी आहेत." बोट चोखत त्यांनी अंगठीसारखं घालायचं टोपण शोधलं होतं. अङ्गुलित्र.

आता रोज चारला एक इकडून, एक तिकडून. एकमेकांशी बोलत नाहीत, भेटत नाहीत. कप अजून देवळीखाली असतो, पण आता वहिनी तो गार व्हायच्या आत पितात. मास्तरांचे शब्द तळातून दोन-दोन करून जातात, आणि आधी सगळ्यात वर असलेला हिक्का रोज दोन पायऱ्या उतरतो. तो तळाला येईल त्या दिवशी शब्द कुणी टाकायचा, हे दोघांपैकी कुणी काढत नाही.

मी शिट्ट्यांबरोबर तेही मोजते. काल हिक्का बहात्तरावा होता.