शामियान्याखालचा दुधी

काकासाहेब गेल्याची बातमी मला महाराज बाड्यावर, पोस्टाच्या पायऱ्यांवर मिळाली, आणि मी तिचा भलताच अर्थ घेतला. झाशीचं एक लग्न उरकून मी त्याच सकाळी परतलो होतो, अजून घरीही गेलो नव्हतो. काकासाहेबांच्या कचेरीतला चपराशी रामसेवक समोरून आला, सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "मास्टर साहब, काकासाहब चले गए." त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागातून रोज कोणी ना कोणी जातच होतं. नवं मोठं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती, आणि तिच्यामागून कपाटं, फायली, टेबलं आणि त्या टेबलांना चिकटलेली माणसं रवाना होत होती. मी म्हणालो, "अच्छा किया. कब तक टालते?"  रामसेवकानं गमछ्यानं तोंड पुसलं... तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे जाणं भोपाळचं नव्हे.

नई सडकेच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन भाड्याच्या घरांमध्ये एकच भिंत. तिच्या पलीकडे काकासाहेब आणि त्यांच्या पत्नी माई, अलीकडे आम्ही. त्यांचे पणजोबा दक्खनेतून फौजेबरोबर आले, आजोबांनी तलवार खुंटीला लावून लेखणी धरली, आणि काकासाहेबांपर्यंत येईतो घराण्याचं शौर्य महसूल दफ्तरातल्या जमाबंदीत मुरलं होतं. उरलंसुरलं त्यांनी परसात खर्च केलं. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात मटार आणि कोबी कोणीही लावतो, त्यात काय मोठेपणा, असं ते म्हणत. त्यांची बाग उन्हाळ्याची. होळीच्या आधी बी टाकायचं आणि मग चारी बाजूंचे दगडी डोंगर तापून लू नावाचा भाजणारा वारा सुटला, की त्या भट्टीत दुधी, दोडकी, घोसाळी, काकडी, भेंडी जगवायची. प्रत्येक वेलाच्या मुळाशी एक मडकं पुरलेलं, त्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. मडकं भरलं की दिवसभर थेंब थेंब पाणी. विहीर परसातच होती, पण वैशाखात तिचं पाणी खोल जाई आणि रहाटाच्या आवाजावरून मला भिंतीपलीकडून सुद्धा कळे, की आज दोर किती सोडावा लागतोय.

वर सावलीला शामियाना. हा खराखुरा दरबारी शामियाना. संस्थान विलीन झालं तेव्हा कुठल्याशा कोठीतलं जुनं सामान लिलावात निघालं. लोकांनी झुंबरं घेतली, गालिचे घेतले. काकासाहेबांनी कसर लागलेल्या लाल कापडाचा एक मोठा तुकडा उचलला आणि बांबूंवर ताणून बसवला. ज्या सावलीत मानकरी मुजरे घेत बसत, तिथे आता काकड्या लोंबू लागल्या. काकासाहेब म्हणाले, "फरक एवढाच, मास्तर, की या वाढताहेत."

संस्थानं विलीन होऊन आधी जे राज्य झालं, त्याला दोन राजधान्या मिळाल्या होत्या. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दोन्ही शहरांचा मान राहावा म्हणून काढलेली ही तोड कोणाही शहाण्या माणसाला हसू आणणारी होती, पण काकासाहेबांना नाही. कारण सरकार इंदूरला जायचं ते नेमकं वेलांना कळ्या धरायच्या वेळी. मग दर चैत्रात त्यांना काहीतरी व्हायचं. कधी गुडघा, कधी अर्धवट राहिलेलं दफ्तर. एका वर्षी काहीच सुचलं नाही आणि जावं लागलं. परत आले तेव्हा मांडवावर नुसते सुंभ लटकत होते. त्या वर्षी त्यांनी बाजारची भाजी खाल्ली, पण पानाकडे बघितलं नाही.

पुढे जास्त पिकवा म्हणून सांगण्याचे दिवस आले आणि एक मोठे अधिकारी हार घालून त्यांची परसबाग बघायला आले. मागे फोटोवाला, पुढे भाषण. ऐन दुपारी त्यांनी घरोघरी भाजी पिकवण्यावर बोलायला सुरुवात केली आणि बोलता बोलता भेंडीच्या वाफ्यात उभे राहिले. काकासाहेब बुटांकडे बघत होते. सगळे गेल्यावर त्यांनी मोडलेली रोपं काठ्यांना बांधली. "पूर्वी हत्ती यायचे," ते म्हणाले, "पण ते माहुताचं ऐकत."

दोन गोष्टींत मात्र ते स्वतःच संस्थानिक होते. पहिली भाषेची. घराबाहेर त्यांची सगळी कचेरी हिंदीत चाले, पण उंबऱ्याच्या आत भाजीचं नाव मराठीतच घ्यायचं. तुरई नाही, दोडका. गिलकी नाही, घोसाळी. आमच्या गल्लीतली भाजीवाली दुधीलाही सरसकट कद्दूच म्हणायची आणि दिवसभर तिच्याशी बोलून माईंच्या तोंडीही तो शब्द यायचा. की लगेच हातातलं काम न थांबवता काकासाहेब दुरुस्त करत, "दुधी." माई म्हणायच्या, "अहो, तो वेल काय मराठी शाळेत जातो का?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, की राज्य गेलं, कचेरीही जाईल, भाजीची नावं तरी राहू द्या.

दुसरी गोष्ट चाखण्याची. आपल्याकडे दुधी, काकडी चिरायच्या आधी बायका एक फोड तोंडात घालून बघतात. बाजारच्या भाजीचं ठीक आहे, पण घरच्या वेलाची परीक्षा घेणं काकासाहेबांना अपमान वाटे. माई ती परीक्षा पाठ फिरवून घेत.

भोपाळचा हुकूम आला तेव्हा त्यांनी आधी विनोद करून बघितला. "दारात भोपळा असताना भोपाळ कशाला?" मग रजा घेतल्या. मग गुडघा काढला. पण नव्या सरकारला गुडघ्यांची सवय झालेली होती. रुजू व्हा, नाहीतर घरी बसा, असं स्पष्ट लिहून आलं. ते आठवडाभर जाऊन रुजू झाले आणि सामान हलवायला महिनाअखेरपर्यंतची मुदत घेऊन परतले. तेवढ्या दिवसांत विहीर अगदी तळाला गेली होती. माई एकट्या किती दोर ओढणार... आधी कोवळी फळं अंगठ्याएवढी होऊन गळाली, मग पानं करपली. काकासाहेब आले ते टांग्यातून उतरून कपडे न बदलताच विहिरीवर गेले.

वेलानं जीव धरला. मी झाशीच्या लग्नाला निघायच्या आदल्या संध्याकाळी बघायला गेलो, तर मांडवावर नवे दुधी लोंबत होते. पानं लहान, खरखरीत, फळं मात्र भराभर फुगलेली. शामियान्याचा लाल रंग त्यांच्यावर पडून ती आजारी माणसाच्या अंगासारखी दिसत होती. मधमाशा नव्हत्या. वारा पडला होता. मी म्हटलं, चांगलाच धरलाय की वेल. काकासाहेबांनी एका फळाला नखानं टोचून बघितलं, नख आत जाईना.

"मास्तर, मी याला सोडून गेलो होतो," ते म्हणाले. "हे त्याला कळलंय."

मग त्यांनी भोपाळच्या मातीचा विषय काढला. काळ्या मातीत दुधी फुगतो, चव राहत नाही, असं त्यांचं मत होतं. तरी बी घेऊन जाणार होते. तोवर रोज सकाळी दुधीचा रस घ्यायचा त्यांनी नेम धरला होता, अंगातलं ऊन उतरवून मगच प्रवासाला निघायचं म्हणून. रस ते स्वतः काढत, विहिरीच्या कठड्यावर बसून, किसून, पंच्यात पिळून, पितळी फुलपात्रात.

पुढचं मला माईंनी सांगितलं, तेराव्यानंतर पाहुणे पांगल्यावर. परसाच्या दारात बसून, सुपातले गहू निवडत, माझ्याकडे न बघता.

"त्याच वेलाचा दुसरा दुधी मी चुलीपाशी चिरत होते, भाऊजी. फोड तोंडात घातली आणि जिभेला भाजल्यासारखं झालं. तिथूनच हाक मारली, अहो, कडू आहे तो. त्यांनी मान वर नाही केली. म्हणाले, कद्दू नाही, दुधी म्हण."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मला वाटलं, कडू म्हटलेलं नीट ऐकू गेलं. मला वाटलं चेष्टा करताहेत... मी फळ टाकून द्यायला उठले. बाहेर येऊन बघते तर फुलपात्र रिकामं. म्हटलं, कसा लागला? तर म्हणे, औषध गोड कशाला हवं."

दुपारी उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी रक्त पडलं, इस्पितळात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना ते तिथेच गेले. डॉक्टरांनी लू लागली असं लिहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात मरायला तेवढं एक कारण पुरतं. गल्लीतल्या म्हाताऱ्या वैद्यांनी मात्र ऐकून नुसती मान हलवली आणि तहानलेल्या वेलाचं विषासारखं कडू फळ कोणी खाल्लं का, एवढंच विचारलं. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही. भाषा शिकवतो. आयुष्यभर वाटत आलं, की शब्द चुकला तर फार तर हसं होतं.

कचेरीनं शोकसभा घेतली. साहेबांनी ठराव वाचला, की दिवंगत नव्या राजधानीत सेवा करण्यास अत्यंत उत्सुक होते. सगळे उभे राहिले. माझ्या शेजारी रामसेवक खाली मान घालून उभा होता, आणि मला वाटतं, आम्ही दोघं एकाच कारणासाठी एकमेकांकडे बघत नव्हतो.

माईंची मुलगी उज्जैनला बोलावते आहे, पण त्या अजून इथेच आहेत. तो वेल त्यांनी मुळासकट उपटला आणि मांडवाखालीच जाळला. शामियान्याला त्या जागी काळा डाग पडला आहे. बाकीची बाग ठेवली. दोडकी अजून येतात, काकडी येते. फुलपात्र विहिरीच्या कठड्यावर पालथं असतं, कोणी उचललेलं नाही.

सकाळी मी भिंतीच्या अलीकडे वर्तमानपत्र घेऊन बसतो. पलीकडे विळीचा आवाज येतो आणि थांबतो. आता त्यांनी फोड तोंडात घातली असणार. पूर्वी त्या हे पाठ फिरवून करत आणि काही बोलत नसत. आता परसाकडे तोंड करून, मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून सांगतात. तिकडे कोणी नसतं. आणि त्या घरात जी भाषा कधी चालली नाही, तिच्यात सांगतात...

"मीठी है."

मग विळी पुन्हा सुरू होते.