मरून रंगाची एकोणीस गाणी

माझ्या आत्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. हे मी नाही म्हणत, ती स्वतःच सांगते. "सूर गेला खड्ड्यात," ती म्हणते, "मला फक्त गाणं कधी संपतं तेवढं कळलं पाहिजे."

आत्या रंगखात्यात सुताच्या लड्या रंगवते. बावीस वर्षं झाली. खातं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत कमरेइतके उंच सहा हौद, हौदांत गरम रंगाचं पाणी आणि वर एवढी वाफ की समोरचा माणूस आधी खोकल्यावरून ओळखायचा. हौदावर आडव्या दांड्या असतात आणि त्यांना लोंबतात लड्या. त्या सारख्या फिरवत राहायच्या. मधेच ठरल्या वेळी मीठ टाकायचं, तेही तीनदा. मग सोडा. मग ठरल्या वेळी लड्या बाहेर. दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की रंग नमुन्याशी जुळत नाही आणि अख्खा लॉट परत येतो.

भिंतीवर घड्याळ आहे, पण वाफेने त्याला मोतीबिंदू झालाय. हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे, त्यामुळे मनगटी घड्याळाचा प्रश्नच नाही. मोबाइल आत न्यायला बंदी, कारण आजवर दोन हौदात पडले. त्यातला एक गडद निळ्या लॉटमध्ये सव्वा तास उकळला, आणि मालक तो अजून पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

म्हणून आत्याकडे डबी आहे. डबी म्हणजे अंगठ्याएवढा गाण्यांचा प्लेअर. पडदा नाही, पाठीला चिमटा, पोटावर तीन बटणं. अॅप्रनच्या गळ्याला अडकवला की काम सुरू. आत अठरा गाणी, बरोबर सव्वा तास. दुसरं गाणं संपलं की पहिलं मीठ. चौथं संपलं की दुसरं, सहावं संपलं की तिसरं. आठव्यानंतर सोडा. अठरावं संपलं की लड्या वर. सहावं गाणं म्हणजे एक बाई प्रियकराला तीन कडवी "आता मी जाते" म्हणते आणि जात काही नाही. आत्या म्हणते, "जाईना का. ती रेंगाळते म्हणून माझं मीठ वेळेवर पडतं."

डबीत गाणी भरणं हे माझं खातं. नेटवरून गाणी मीच उतरवते, त्यामुळे त्यांची नावंही तशीच येतात: आधी वेबसाइटची जाहिरात, मग चार आकडे, मग कुठेतरी शेपटाला गाणं. डबीला त्या नावांशी देणंघेणं नाही. ज्या क्रमाने गाणी आत गेली त्याच क्रमाने ती वाजवते. म्हणून एकेक करून भरायची. एक गेलं की दुसरं. आणि मधे कुठे नवं गाणं घालायचं असेल तर सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. आमच्या कंप्युटरचा पंखा म्हाताऱ्या माणसासारखा कण्हतो, आत्या शेजारी स्टूल टाकून बसते आणि प्रत्येक गाण्याला विचारते, "गेलं?"

"गेलं."

"पूर्ण गेलं?"

"अगं आत्या, अर्धं कसं जाईल?"

"तुझा अभ्यास नाही का जात अर्धा?"

तर, दोन महिन्यांपूर्वी खात्यात नवे मॅनेजर आले. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात "बेसिकली" अशी करतात, म्हणून हौदावरच्या पोरींनी त्यांचं नाव ठेवलं बेसिकलीसाहेब. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सहा हौदांवर सहा बीपर टांगले आणि आत्यासमोर येऊन उभे राहिले.

"बेसिकली काय आहे ना बाई, कानात काही घालून काम करणं सेफ नाही. उद्या कोणी हाक मारली, ओरडलं, तर तुम्हाला ऐकू येणार नाही."

आत्याने मोजे काढले, खिशातून सूत तोडायची कात्री काढली, इअरफोनच्या दोन वायरींतली एक कचकन कापली आणि तो तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला. "हा कान कंपनीचा. हाका मारा."

हे मला मुकादमकाकांनी सांगितलं. मुकादमकाका खात्यातले सर्वांत जुने, आणि सर्वांत सावध. त्यांचं कुठलंही मत त्यांचं स्वतःचं नसतं. "साहेब एकदम बटाट्यासारखे झाले, म्हणजे मी नाही म्हणत, पण झाले."

साहेबांचं डोकं सटकलं. त्यात बीपरची वेगळीच तऱ्हा. सगळ्यांचा आवाज एकसारखा, त्यामुळे एक वाजला की सहाही हौदांवरच्या बायका मिठाचे मग घेऊन धावायच्या. एका पिवळ्या लॉटमध्ये पाच वेळा मीठ पडलं. आत्या दोन नंबरच्या हौदावर शांतपणे लड्या फिरवत म्हणाली, "कानामागून आलं नि तिखट झालं."

हे नेमकं साहेबांनी ऐकलं. मग मात्र थेट निकालाची भाषा झाली.

"बेसिकली, उद्या मोठ्या गिऱ्हाइकाचा मरून लॉट आहे. तुम्ही दोन नंबरवर गाण्यांवर काढा. तीन नंबरवर मुली बीपरवर काढतील. मी स्वतः घड्याळ घेऊन उभा राहीन. तुमचा रंग जुळला नाही, तर ती वस्तू माझ्या ड्रॉवरमध्ये आणि तुम्ही घडीखात्यात."

घडीखातं म्हणजे वाळलेल्या लड्या मोजून, पिळून, गठ्ठे बांधायचे. बसून करायचं काम, सावलीत. कोणी म्हणेल काय वाईट आहे? पण ज्या बाईने बावीस वर्षं रंग काढलाय, तिला दुसऱ्याने काढलेल्या रंगाचे गठ्ठे बांधायला बसवणं म्हणजे स्वयंपाकिणीला उष्टी भांडी मोजायला बसवणं. घरी आल्यावर माझे बाबा समजुतीने म्हणाले, "ताई, अगं वय झालं आता. बसून काम मिळतंय तर घे की."

"बसायचं असतं तर जन्मतःच बसले असते," आत्या म्हणाली आणि डबी माझ्यापुढे आपटली. "चल गं. मरूनला सोड्यानंतर पाच मिनिटं जास्त सांगितलीत. नववं झालं की एक नवीन घाल. पाच मिनिटांचं बघ. कसलंही चालेल, रडकं असलं तरी."

पाच मिनिटांचं सापडलं. पण नववं झाल्यावर घालायचं म्हणजे सगळं पुसून पुन्हा एकोणीस वेळा "गेलं? पूर्ण गेलं?" पाच गाणी गेली. तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि आत्या धावली. आणि मी, काय सांगू, माझ्यातला आळस जागा झाला. पाच पुसली, सगळी एकोणीस एकदम निवडली आणि एकदम टाकली. अर्ध्या मिनिटात झाली. आत्या फडकं पिळत आली.

"झाली? एवढ्यात?"

"झाली."

"एकेक केलीस ना?"

"हो गं बाई."

एवढं सहज खोटं मी परीक्षेच्या पेपरातही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं मी पाहिलेलं नाही, पण पाच जणांकडून पाच आवाजांत ऐकलंय, त्यामुळे पाहिल्यासारखंच आहे. लड्या पाण्यात गेल्या. साहेबांनी घड्याळाकडे बघून हात खाली केला. आत्याने बटण दाबलं. पहिलं गाणं सुरू झालं, आणि ते पहिलं नव्हतंच. ते बारावं होतं. आत्याने पुढचं बटण दाबलं, तर तिसरं. पुढे रडकं नवीन. पुढे अठरावं.

"आक्काचा चेहरा असा झाला," मुकादमकाका म्हणाले, आणि स्वतःचा चेहरा असा केला की मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. "मी म्हटलं, आक्का, साहेबांना सांग यंत्र बिघडलं, उद्या करू. म्हणजे मी नाही म्हटलं, पण मनात म्हटलं."

पलीकडून साहेबांनी विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का, बाई?"

"नाही," आत्या म्हणाली. कानातली वायर उपटली, अॅप्रनच्या खिशात कोंबली, लड्यांची पहिली दांडी फिरवली आणि तोंडाने गाऊ लागली.

आत्याच्या आवाजाबद्दल मी भाची म्हणून गप्प बसते. मुकादमकाका म्हणाले, "पत्र्यावर फावडं ओढल्यासारखा, म्हणजे मी नाही म्हणत." पण प्रश्न आवाजाचा नव्हता, वेळेचा होता. आणि वेळ पाळायची तर नुसत्या ओळी गाऊन भागत नाही. सुरुवातीची बासरी, मधला ढोलक, कडव्यांमधली दहा व्हायोलिनं, सगळं पुरेपूर वाजवावं लागतं. तसं तिने वाजवलं. तोंडाने. तिसऱ्या गाण्यात नायिका हसते, तिथे आत्या हसली. सातव्यात रेल्वेची शिट्टी आहे, तिथे शिट्टी झाली. बावीस वर्षं खात्यात एक ओळही न गुणगुणलेली बाई भर शेडमध्ये, मरून वाफेत, ट्यांव ट्यांव ट्याआंव करत होती आणि हात एका ठेक्यात लड्या फिरवत होते.

दुसरं गाणं संपलं. मीठ पडलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि भुवई वर गेली.

चौथं संपलं. मीठ.

सहाव्यात "आता मी जाते" तिसऱ्यांदा आलं, तेव्हा तीन नंबरवरच्या चार पोरी मिठाचे मग उचलून तयार होत्या. त्यांचा बीपर वाजलाच नव्हता, एक वाजला होता तो पाच नंबरचा. त्या आत्याकडे बघत होत्या. गाण्यातली बाई गेली एकदाची, आणि दोन्ही हौदांत एकदम मीठ पडलं.

"मुलींनो, बीपर!" साहेब ओरडले.

"हो साहेब," पोरी एका सुरात म्हणाल्या आणि पुढचा ढोलक त्यांनीच धरला.

नवव्यानंतरचं नवीन रडकं तिला येत नव्हतं, तिथे तिने पाच मिनिटं भरायला रेंगाळणारं सहावंच पुन्हा गायलं. पंधराव्या गाण्यापर्यंत आत्याचा घसा बसला होता. मुकादमकाकांनी पाणी आणलं. तिने मानेनेच नको म्हटलं, कारण घोट घेतला असता तर व्हायोलिनं चुकली असती. सोळा, सतरा, अठरा. शेवटचं जवळजवळ कुजबुजत संपलं आणि दोन्ही हौदांतल्या लड्या एकाच क्षणी वर आल्या.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. ऐंशी मिनिटांत वीस सेकंद कमी.

"शेवटी घाई झाली," आत्या म्हणाली. म्हणजे तोंड हललं, आवाज नव्हता.

लड्या धुतल्या, वाळवल्या, दिव्याखाली नमुन्याशेजारी धरल्या. दोन नंबर तंतोतंत जुळला. तीन नंबरही जुळला. आणि साहेब सुटकेने म्हणाले, "बघा, बेसिकली बीपरवरही जुळतो. म्हणजे मशीनवरच जायला हरकत नाही."

तेव्हा तीन नंबरवरची सगळ्यांत धाकटी पोर पुढे झाली आणि तिने ओंजळ उघडली. आत बीपरचे दोन सेल होते. "दुसऱ्या मिठालाच काढलेत साहेब. त्याची कटकट होत होती, आक्काचं नीट ऐकू येईना."

साहेब तडक केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी आत्या घरी आली. मी दारातच उभी होते. तिने डबी माझ्या हातात दिली आणि घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "बारावं आधी कसं आलं?"

"एकदम टाकली," मी म्हटलं. "सगळी एकदम. आणि तुला खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ती स्टूल ओढून बसली. "सुरू कर. एकेक. आणि या खेपेला प्रत्येक पूर्ण ऐकायचं, मग पुढचं." ऐंशी मिनिटं ती शेजारी बसून होती. नवव्या गाण्यानंतरचं रडकं गाणं ऐकून म्हणाली, "हे काय शोधलंस गं? माणूस मरेल." आणि तरी ते तसंच ठेवलं, कारण पाच मिनिटांचं होतं.

साहेबांचा डबीला होकार आला नव्हता, म्हणून मधला दिवसही शेडमध्ये तोंडाच्याच गाण्यांवर निघाला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हे आत्याने स्वतः सांगितलं, आणि साहेबांचा आवाज इतका हुबेहूब काढला की आमच्या घराण्यात नकला करायची खोड कुठून आली ते मला तेव्हा कळलं. साहेबांनी टेबलावर एक कागद सरकवला. वर शिक्का, खाली सहीची जागा.

"बेसिकली मी तुमच्यासाठी खास परवानगी काढलीय. वस्तू वापरा. फक्त ते तोंडाने नको. ऑफिसात फोनवर बोलता येत नाही."

आत्या हौदावरून तशीच आली होती. अॅप्रनमधून मरून पाणी ठिबकत होतं, केबिनच्या पांढऱ्या फरशीवर. तिने कागद वाचला. "'सदर कर्मचाऱ्यास कानाच्या तक्रारीमुळे सवलत.' कोणाच्या कानाची तक्रार?"

"अहो, काहीतरी कारण लिहावं लागतं ना. नाहीतर बाकीच्याही मागतील."

"माझा कान ठणठणीत आहे. साहेब, तुम्ही परवा ऐकलंत की."

"फक्त एक ओळ आहे बाई. सही करा आणि जा."

"सवलत म्हणजे दया. मला दया नको. फावड्याला सवलत देता का? मोज्यांना देता? लिहा, कामाचं हत्यार. आणि 'सदर कर्मचारी' खोडा. लिहा, हौदावरचे सर्व."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर सही नाही." आत्या हलली नाही. फरशीवरचं थारोळं साहेबांच्या बुटाकडे निघालं होतं. साहेबांनी पाय खुर्चीखाली घेतले. ते अजून पुढे आलं. बाहेर काचेपलीकडे मुकादमकाका पाठमोरे उभे होते, म्हणजे ऐकत नव्हते, पण ऐकत होते.

आत्याने घसा खाकरला आणि पहिल्या गाण्याची बासरी सुरू केली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.