बोडीवर नेलेली मोटार

आमच्या घरी एके काळी मोटार होती, हे कोणी कौतुकानं काढलं की आजही माझं टाळकं सटकतं. मोटार कसली! तिच्या पोटात माझ्या धानाचं इंजन घातलेलं होतं.

आणीबाणी उठली त्या सुमाराला मी लग्न होऊन सिहोऱ्याकडच्या या गावात आले. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, बोडीला लागून. बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतातला लहान तलाव. दिवाळीनंतर भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान निसवायला येतो, लोंब बाहेर पडते, आणि नेमकं तेव्हाच बोडीचं पाणी बाहेर सोडायच्या मोरीच्या खाली गेलेलं असतं. मग डिझेल इंजनावर पट्टा चढवून पंप फिरवायचा आणि पाणी उचलायचं. त्या एका पाण्यानं दाणा भरतो, नाहीतर नुसतं फोल. वर्षभर घरात शिजणारा भात तो तेवढाच, दुसरा कुठून येणार होता?

आमचे हे हौशी माणूस. हातात पाना आला की देवाचंही ऐकायचे नाहीत. तुमसरला एका व्यापाऱ्याच्या आवारात जुनी पेट्रोलची मोटार सडत पडली होती. इंजन जाम, मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. व्यापाऱ्याला जागा मोकळी करून हवी होती, यांनी बैल जुंपून ती घरी ओढत आणली. मी दारात ओवाळलंसुद्धा.

नवं इंजन घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून यांनी आणि यांच्या मेकॅनिक मित्रानं एक दिवस पंपाचं इंजन बोडीवरून उचलून आणलं. मला विचारलंही नाही.

"अवो, धानाले पाणी कसं द्याचं जी?" मी विचारलं.

"बांधीत अजून ओल हाय. मंडई झाली का काढून देतो. कायले बोंबलून राहिली?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचा नाच-तमाशा होतो, रात्री नाटक, घरोघर पाहुणे. त्या मंडईत स्वतःच्या मोटारीतून मिरवायचं, एवढं एकच यांच्या डोक्यात बसलं होतं. पंपाचं इंजन आणि मोटारीचा गिअरबॉक्स एकमेकांना ओळख देईनात, तर या दोघांनी मधे लोखंडी पाटे घालून वेल्डिंग मारलं. बॉनेट बसेना, त्याला भोक पाडलं. इंजन गार ठेवायला पाण्याचा ड्रम लागतो, तो ठेवला पुढच्या सीटवर. म्हणजे नवऱ्याच्या शेजारची माझी जागा गेली ड्रमाला! आणि एवढं करून गाडी धावायची किती, तर बैलगाडीच्या थोडी पुढे. डुगडुग डुगडुग आवाज मात्र अख्ख्या गावाला.

मंडईच्या दिवशी सकाळी मी शेतावर गेले. जमिनीला बोटबोट भेगा. लोंबी अर्ध्या बाहेर येऊन तशाच अडकल्या होत्या. एक दाबून पाहिली, आत काहीच नाही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिथूनच तडक मंडईत गेले.

तिथे यांची मिरवणूक चाललेली. मोटारीला हार, यांच्या गळ्यात हार. मागे घेताना मोटारीचं एक मागचं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरून अधांतरी लोंबत होतं. इंजन चालूच, चाक हवेत गरगर फिरतंय, मोटार जागची हलत नाही, आणि लोक टाळ्या वाजवताहेत!

"आत्ताच्या आत्ता इंजन काढा," मी ओरडले.

मित्र म्हणाला, "वहिनी, वेल्डिंग हाय ते. कापाले दोन-तीन दिवस लागतीन."

"दोन-तीन दिवसांनी काय वाळलेल्या तनसाले पाणी देऊ?"

माझी नजर त्या फिरणाऱ्या चाकावर होती. पंपाला काय, पट्टा ओढणारं काहीतरी फिरायला हवं. इंजनाची पुली फिरो नाहीतर हे फुकटचं चाक.

"इंजन राहू द्या. मोटारच बोडीवर न्या. हेच चाक उचला, टायर काढा आन् त्याच्यावर पट्टा चढवा."

"लोक हासतीन ना वो," हे म्हणाले.

"हासू द्या! खायाले भात लोक देतीन का?"

बैलांनी मोटार बोडीच्या पाळीवर, काठच्या बांधावर ओढली. दगडांवर एक चाक उचललं, उघड्या रिंगवर पट्टा चढवला, हँडल मारलं. पंपानं आधी नुसता फुसफुस आवाज केला आणि मग भसकन पाणी आलं. मी धुऱ्यावर बसून ढसाढसा रडले. आनंदानं नाही, संतापानं. पंपाजवळच्या बांध्या वाचल्या. वरच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचेतो उशीर झाला, त्या जळाल्या.

मंडई सोडून लोक ते पाहायला पाळीवर आले. एका म्हाताऱ्यानं यांच्या पाठीवर थाप मारली, "काय डोस्कं हाय गा तुह्यं!" यांच्या गळ्यात हार तसाच होता. हे नुसते हसले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे कितीतरी वर्षं आंधळगावपासूनचे पाहुणे यायचे आणि हे हातवारे करून सांगायचे, "मी इचार केला, चाक तं फिरूनच राहिलं हाय..." मी इचार केला म्हणे! मी तिथेच चहा घेऊन उभी असायचे. एकदा राहवलं नाही. पाहुण्यांसमोरच म्हटलं, "टायर काढा म्हनून कोन सांगतलं होतं जी?"

हे हसत म्हणाले, "घरातल्या घरातच तं हाय. तुह्यं डोस्कं काय, माह्यं डोस्कं काय!"

पाहुणेही हसले.

"असं?" मी म्हटलं. "मंग वरच्या बांध्या जळल्या त्या कोनाच्या डोस्क्यानं, तेही सांगा ना पाहुण्याईले."

कोणी हसलं नाही. यांनी हातातली बशी खाली ठेवली.